फौजदाराच्या घरचं बोलावणं

माझं माहेर धुळ्याचं. आमच्या गल्लीत एका घरी फोडणी पडली की चार घरी शिंका यायच्या. दार वाजवून आत येणारी बाई परकी समजली जायची. अशा गल्लीतून लग्न होऊन मी गेले ती थेट सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्याही पुढे, पोलीस ठाण्याला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. नवरा फौजदार, ठाण्याचा प्रमुख. माझ्या स्वयंपाकघराची मागची भिंत ठाण्याच्या कोठडीची होती, आणि पुढच्या दारी चोवीस तास शिपाई. चोर येण्याची भीती नव्हती. पण शेजारीणही येत नव्हती.

नळावर गेले की बाया बाजूला व्हायच्या. मला पाणी आधी मिळायचं. मला पाणी नको होतं, गप्पा हव्या होत्या. नवरा सकाळी जायचा तो कधी बंदोबस्ताला, कधी पंचनाम्याला, आणि घरी आल्यावर ठाण्यातलं अक्षर बोलायचा नाही. तो त्याचा नेमच होता. दुपारी मी रेडिओशी भांडायचे. हसू नका, खरंच भांडायचे.

संक्रांत आली तसं मी ठरवलं, हळदीकुंकू करायचं. तीळगूळ केला, वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या, माहेरची सतरंजी अंथरली. बोलावणं करायला कुणीतरी घरोघर जायला हवं, आणि मला गावातली घरं ठाऊक नव्हती. नवऱ्याला म्हटलं, "अहो, कुणाला तरी बोलावणं करायला पाठवा ना." तो "बरं" म्हणाला आणि कामाला लागला. त्याची सगळी कामं ज्याच्याकडून व्हायची, त्यालाच त्याने हेही सांगितलं. म्हणजे शिपायाला. शिपाई खाकी वर्दीत, काठी घेऊन, घरोघर जाऊन सांगून आला, "चार वाजता बाईला साहेबांच्या घरी पाठवा."

चार वाजले. मी नवी साडी नेसून दारात उभी. माझ्या अंगणात कुणी नाही, पण ठाण्याच्या ओसरीवर ही गर्दी! सगळे पुरुष. धुतलेले सदरे, डोक्यावर टोप्या. किराणा दुकानवाले मारवाडी शेठ दुकानाचा परवाना पिशवीत घालून आले होते. एक म्हातारे आबा पुढे होऊन, हात जोडून म्हणाले, "साहेब, काय चुकनं आमनं? आमन्या बायासले कसाले बलावं?"

नवऱ्याला हसू आवरेना. "अहो, हळदीकुंकू आहे! घरी जा आणि बायकांना पाठवा," तो म्हणाला. झालं! साहेबांनी आता स्वतःच्या तोंडाने हुकूम दिला. माणसं मान घालून गेली, आणि त्या संध्याकाळी गावातल्या निम्म्या बायका एकाएकी माहेरी गेल्या. मी नवऱ्यावर इतकी चिडले की त्याचा चहा मोरीत ओतून दिला. मग सतरंजीवर बसून रडले.

दिवेलागणीला एक बाई आली. माझ्याच वयाची, विटकं पण स्वच्छ लुगडं, केळीच्या मळ्यात राबणारे हात. मला काय करू नि काय नको असं झालं. तिला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, गाळणी दिली, शेव-मुरमुरे पुढे केले. आणि मी बोलत सुटले. धुळ्याची गल्ली, आईच्या हातचं भरीत, माझ्या मावश्या, सगळं. चार महिन्यांचं साठलेलं होतं. मुरमुऱ्यांना तिने हात लावला नव्हता, हे मला फार उशिरा दिसलं.

मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली, "अक्का, मना मालक आठेच शे. या भितना मांगे. तुम्ही साहेबले सांगा, सोडी द्या म्हनीसन."

तिचा नवरा कोठडीत होता; पाण्याच्या पाळीवरून त्याने भावावर कुऱ्हाड उगारली होती. मला तिची दया यायला हवी होती. आधी राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, उद्या कोर्टात नेणार आहोत, तिथे जामीन होईल. तू सांगितलंस काय, न सांगितलंस काय." तसंच झालं. पण ती केळ्यांचा घड घेऊन आली आणि माझ्या पाया पडली. "अक्का, तुम्ही सांगं म्हनीसन सुटना तो." मी परोपरीने नाही म्हटलं. तिने ऐकलं नाही.

मग गावातल्या बाया येऊ लागल्या. कुणाचा दीर दारू पिऊन मारायचा, कुणाची बैलजोडी चोरीला गेली होती. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलायच्या, आणि कप खाली ठेवला की "अक्का, एक काम व्हतं." मला कळायचं, की लोकांना पोलीस हवाच असतो, त्याच्याशिवाय त्यांचं चालत नाही. पण त्याच्या घरी सहज जावं असं कुणाला वाटत नाही. अंगण भरलेलं असायचं आणि मी पूर्वीपेक्षा एकटी.

शेवटी मीच उठले. कुणाला न सांगता, साधी साडी नेसून, शिपायाला चुकवून त्या पहिल्या बाईच्या घरी गेले. तिच्या दारात शेवग्याचं झाड होतं. मला पाहताच तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"काय झायं अक्का? त्यानी आते काय करं?"

"काही नही व. अशीच उनू."

"अशीच?" तिने आत पाहिलं. तिचा नवरा बाहेर आला आणि हात जोडून भिंतीला टेकून उभा राहिला. मी बसा म्हटलं तरी दोघं बसेनात. मी हसून पाहिलं, पाणी मागून पाहिलं. तो जोडलेले हात सोडेना.

मग मी म्हणाले, "तुमनाकडे शेवगान्या शेंगा शेत का? त्या मांगाले उनू."

दोघांचा जीव भांड्यात पडला. तो धावतच झाडाकडे गेला, आणि ती पदर सावरून पहिल्यांदा माझ्याजवळ बसली.