नागाची चावी
शिवणयंत्राला तेल घातलं की त्या वासाने मला मल्हारगंजातलं एक पत्र्याचं दुकान आठवतं. आम्ही साताऱ्याहून इंदुरात नुकतेच आलो होतो. वडील मिलच्या कचेरीत लागले होते आणि मिलच्या गणपतीच्या मिरवणुकीतला हलता देखावा, तिथली झांकी, कुठवर तयार झाला ते बघायला मला घेऊन गेले होते. त्या दुकानात पत्र्याचे तुकडे जोडून केलेला नाग निपचित पडला होता, म्हणून मी त्याच्या खवल्यांना बोटही लावलं. कारागीर म्हणाला, "बेटा, जरा हट. याला चावी देतो, फिर देख." आमच्या घरी फक्त किल्ली म्हणत, त्यामुळे 'चावी'त मला चावणंच ऐकू आलं. कर्र कर्र आवाज झाला, एकेक खवला सरकत नाग उठला, फणा काढून माझ्याकडे वळला आणि त्याची तारेची जीभ थरथरली. वडिलांच्या धोतरात तोंड खुपसून मी किंचाळले, "चावेल, चावेल!" दोघंही हसले. "अगं, चावी म्हणजे किल्ली," वडील म्हणाले. कारागिराने नागाच्या पोटातल्या ग्रामोफोनच्या यंत्राची वाकडी, तेलकट किल्ली काढून माझ्यासमोर धरली. पण किल्ली त्याच्या हातात होती आणि मागे नाग अजून डोलतच होता. सारा जन्म इंदुरात गेला, बोलणं अर्धं हिंदी झालं. तो शब्द मात्र अजून माझ्या तोंडून निघत नाही.