न झालेल्या गोलांचे जावई

काहीही घडू न दिल्याबद्दल पगार घेतलेला आमच्या जावयांसारखा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. ते माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, अकोल्याचे, आणि पेशाने फुटबॉलपटू. पेशाने म्हणजे खरोखर पेशाने. आधी कोलकात्याच्या एका क्लबात, मग गोव्याच्या, आणि शेवटी गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा पुन्हा अकोल्याच्या मैदानावर. ते मधले बॅक होते. मैदानावर त्याला स्टॉपर म्हणतात. स्टॉपर नेमकं काय करतो हे समजून घेण्याचा मी मनापासून प्रयत्न केला. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमच्याकडे फुटबॉलवर एक पुस्तक होतं, ते मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर, पहिल्या खेपेला जे थोडंफार समजलं होतं तेही गेलं.

स्थळ म्हणून ते आमच्या दर्यापूरच्या घरी आले तेव्हाच या गोंधळाला सुरुवात झाली. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो. मुलगा म्हणाला, फुटबॉल खेळतो. वडील म्हणाले, तब्येतीला चांगलंच आहे ते, पण काम काय करतो. मुलगा म्हणाला, तेच. वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि अत्यंत समजूतदारपणे, नापास होऊ घातलेल्या मुलाला सोपा प्रश्न विचारावा तसं विचारलं, "बरं, आतापर्यंत गोल किती केले?"

"एकबी नाई."

"मग पगार कायचा देतात?"

"दुसऱ्याले करू देत नाई, त्याचा."

वडील बराच वेळ पोह्यांच्या ताटलीकडे पाहत राहिले. स्वयंपाकघराच्या दाराआडून बहीण हसल्याचा आवाज आला, आणि तिथेच लग्न ठरलं असं मी समजतो. वडिलांना मात्र शेवटपर्यंत तो पगार नेमका कोणत्या सदरात पडतो हे उमगलं नाही. लोकांनी विचारलं की ते सांगत, "जवाई कोलकात्याले असतात, बंदोबस्ताच्या कामावर."

आणि विचार केला तर ते काही फार चूक नव्हतं. जावई कुठल्याही कार्यात गेले तरी पुढच्या खुर्चीवर कधी बसले नाहीत. जावयाचा मान म्हणून आम्ही त्यांना ओढून पुढे नेत असू, पण थोड्या वेळाने पाहावं तर ते मांडवाच्या पार मागे, पाय किंचित फाकवून, हात मोकळे सोडून उभे. तिथून सगळं दिसतं म्हणत. माझ्या मुलीच्या लग्नात, नांदगाव खंडेश्वरला, वरपक्षाकडे एक मामा होते. कुठलंही लग्न त्यांनी रुसल्याशिवाय पार पडू दिलं नव्हतं अशी त्यांची ख्याती होती आणि आमच्या घरात आठ दिवस त्याचीच धास्ती होती. जावयांनी फक्त विचारलं, कोणते मामा. मग दिवसभर मामा ज्या दिशेला वळतील तिथे जावई हसतमुखाने मध्ये उभे. मामा वरबापाकडे निघाले की जावई पुढ्यात, मामा आचाऱ्याकडे निघाले की जावई खांद्याला खांदा लावून सोबत. धक्का नाही, शब्द नाही. संध्याकाळपर्यंत मामांना रुसायला माणूसच सापडला नाही. पाठवणी शांतपणे झाली आणि कोणी जावयांचे आभार मानले नाहीत, कारण काही झालंच नव्हतं. उलट मामांनी मलाच बाजूला घेऊन तक्रार केली की तुमचे जावई दिवसभर माझ्या अंगावर का येऊन राहिले होते. मी हात जोडले. मलाही माहीत नव्हतं.

स्कूटरवर त्यांना मागे बसवून नेणं हा एक स्वतंत्र अनुभव होता. मैदानावर मागच्या माणसाला सगळं दिसतं, म्हणून पुढच्याला सतत सांगत राहायचं असतं म्हणे. राजकमल चौकात मी शिरलो की माझ्या कानाशी सुरू होई, "डाव्या बाजूनं माणूस आला दादा... टाइम हाये, टाइम हाये... आता नका वळू... सोडा त्याले, तो मायाकडं हाये." या गदारोळात मी स्कूटर बंद पाडत असे आणि ते खाली उतरून समाधानाने म्हणत, "बरं झालं, बॉल बाहेर गेला." जेवताना त्यांनी मला ऑफसाइडचा नियम शिकवला. एकदा नव्हे, आयुष्यभर. वरणाची वाटी म्हणजे गोलकीपर, मिरच्या म्हणजे बॅकची रांग, लिंबाची फोड म्हणजे समोरचा फॉरवर्ड. बॉल सुटायच्या क्षणी मिरच्यांनी सगळ्यांनी मिळून एकदम पुढे सरकायचं, म्हणजे लिंबू मागे एकटं सापडतं आणि त्याचा गोल धरत नाहीत; एक मिरची जरी मागे राहिली तर मात्र धरतात. मी मान डोलावत असे. मग ते लिंबू किंचित हलवून विचारत, आता सांगा, हाये का नाई? मी म्हणायचो, आहे. ते म्हणायचे, "नाई ना, दादा," आणि दुःखाने लिंबू पिळून टाकायचे.

तो नियम आमच्या घराला एकदाच पाळायला मिळाला. वडिलांच्या सत्काराला सगळ्यांचा फोटो काढत होते. फोटोग्राफर म्हणाला, थोडं पुढे या. मागच्या रांगेतून जावयांचा आवाज आला, "एकदम!" आणि त्या आवाजात असं काही होतं की आम्ही सगळे, सत्कारमूर्तीसकट, एका पावलाने पुढे आलो. माझी मावशी तेवढी पदर सावरत मागेच राहिली. तो फोटो अजून आहे. आम्ही सगळे एका ओळीत दचकलेले, आणि मागे पार दूर एकटी मावशी. पुढे कुठल्याही कार्यात मावशी दिसली की जावई पाया पडत आणि म्हणत, "मावशी, तुमच्यामुळं गोल झाला." मावशीला वाटे हा काहीतरी कोलकात्याकडचा आशीर्वाद आहे. ती म्हणे, असाच होत राहो.

पण त्यांची खरी खूण म्हणजे उजवा हात. समोरचा ऑफसाइड आहे असं वाटलं की बॅक हात वर करतो, पंचाने पाहावं म्हणून. पंच बहुधा पाहत नाही. खेळ सुटला तरी हात सुटला नाही. डोळ्यांदेखत बस निघून गेली, हात वर. दूध उतू गेलं, हात वर. मॅच पाहताना ऐन वेळी लाइट गेली की ते अंधारात हात वर करून बसत, असं बहीण सांगते. एकदा कॉलनीच्या बैठकीत पाण्याच्या वेळेवरून कोणीतरी सरळ सरळ खोटं बोललं. यांचा हात आपोआप वर गेला. नेमका त्याच वेळी अध्यक्ष विचारत होते की सचिव व्हायला कोण तयार आहे. जावई पुढची कित्येक वर्षं सचिव होते. सचिव म्हणून त्यांनी काय केलं हे कॉलनीत कोणाला सांगता येत नाही. भांडणं मात्र झाली नाहीत.

एकदा मी त्यांना विचारलं होतं की तुमची सगळ्यात चांगली मॅच कोणती. त्यांनी खूप आठवून पाहिलं आणि म्हणाले, "चांगली मॅच आठवत नसते दादा. बॅक कोणाच्या ध्यानात राह्यला, तर समजा त्याच्यानं काही चुकलं." हे त्यांचं म्हणणं फार खरं निघालं. भाचीने मोबाइलवर शोधलं तर त्यांच्या सबंध कारकिर्दीतलं एकच दृश्य सापडलं. कोलकात्याची चिखलातली मॅच, चित्र पुसट. कोणीतरी नावाजलेला फॉरवर्ड बॉल घेऊन येतो, एका बॅकला चकवून गोल करतो आणि सगळं मैदान उठून उभं राहतं. कोपऱ्यात जो घसरून पडतो आहे, ते आमचे जावई. पडता पडताही हात वर आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर छातीत दुखण्याचं निमित्त झालं. अकोल्यातच दवाखान्यात नेलं. मी अमरावतीहून पोहोचलो तेव्हा डॉक्टर बहिणीला हलक्या आवाजात सांगत होते की आणायला उशीर झाला. जावयांनी पडल्या पडल्या उजवा हात वर केला. नर्सला वाटलं त्यांना पाणी हवं आहे.

त्यानंतरच्या दिवसांत मला जे दिसलं त्याने मी अधिकच गोंधळून गेलो. भेटायला येणारा प्रत्येक माणूस बहिणीला त्यांच्या गोलांबद्दल सांगत होता. स्थानिक पेपरात आलं, गोलांचा पाऊस पाडणारा खेळाडू गेला. विहारासमोर मंडप घालून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तिथे एका पुढाऱ्यांनी तर त्यांच्या पायातून सुटलेला बॉल जाळी फाडून कसा जात असे याचं वर्णन केलं. माणसं चांगली होती, दुःखाने बोलत होती. बहीण पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकत होती. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, हे कोणाबद्दल बोलून राहिले?"

मी तिच्याकडे झुकलो.

"यांनी एक गोल केला नाही रे. ते मोबाइलमधलं सोडलं तर मी यांना खेळताना पाहिलंही नाही. लागलं-बिगलं तर मले पाहवलं नसतं, म्हणून कधी गेलीच नाही. तू एवढं वाचलं आहेस. तू तरी उठून सांग, हे नेमकं करत काय होते?"

माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो, माइकपुढे उभा राहिलो. मला वाटी, मिरच्या आणि लिंबू आठवले. ते स्वभावाने फार चांगले होते, एवढं बोलून मी खाली बसलो. 

मंडपाच्या मागच्या टोकाला, जिथे जावई उभे राहिले असते तिथे, एक पोट सुटलेले गृहस्थ उभे होते. अकोल्यात त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे आणि सगळे त्यांना गादीवाले चाचा म्हणतात. लहानपणापासून ते समोरच्या टीमचे फॉरवर्ड. जावई कोलकात्याहून परतल्यावर दर रविवारी म्हाताऱ्यांची मॅच होई, तीतही ते समोरच. कार्यक्रम संपल्यावर ते बहिणीपाशी आले आणि म्हणाले, "भाभी, इतवारले मैदानावर या. इथं काई समजत नसते."

त्या मैदानावर एक रीत आहे. खेळाडू गेला की पुढच्या मॅचला त्याच्या जागी कोणाला घेत नाहीत. पहिला गोल होईपर्यंत ती जागा रिकामी ठेवायची, गोल झाला की बदली माणूस आत येतो. चाचा सांगत होते की मागे एक फॉरवर्ड गेला तेव्हा कोणाला फरकही पडला नाही, अर्धी मॅच तशीच निघाली. आम्हा दोघांना बाजूच्या झाडाखाली खुर्च्या दिल्या. सगळे पन्नाशी-साठीचे. कोणी बँकेतून निवृत्त, कोणाचं पंक्चरचं दुकान, एकाच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे. पंच म्हणजे शाळेतले जुने पी.टी.चे सर.

शिट्टी झाली आणि पहिल्यांदाच मला काहीतरी दिसलं. गोलच्या थोडं पुढे, मधोमध, जावयांच्या जागी, एक भोक पडलं होतं. जावयांच्या टीमचा प्रत्येक माणूस पळता पळता तिकडे वळून बघत होता. डावीकडचा बॅक त्या जागेपर्यंत यायचा आणि आपली बाजू उघडी पडली म्हणून परत पळायचा. मागून कोणी ओरडून सांगत नव्हतं, म्हणून जो तो दचकून बॉल कुठेही मारत होता. गोलकीपर तर काकुळतीला आला होता. एवढ्या वर्षांत त्याला इतकं काम कधी पडलंच नव्हतं म्हणे. बॉलही जणू उतार असल्यासारखा त्याच जागेकडे यायचा. बहीण खुर्चीच्या कडेवर सरकून बसली होती.

मग बॉल चाचांना मिळाला. समोर गोलकीपर सोडला तर कोणी नाही, सरळ रस्ता. चाचा पळत आले आणि त्या रिकाम्या जागेपाशी येताच त्यांनी डावा खांदा पाडला, बॉल उजवीकडे घेतला आणि वळसा घालून पुढे गेले. तिथे कोणीच नव्हतं. ते कोणाला तरी चकवून गेले. मग त्यांनी हळूच बॉल जाळीत ढकलला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बदली खेळाडू चपला काढून आत यायला निघाला. चाचा गोलसमोर धापा टाकत उभे होते. त्यांनी मागे वळून त्या जागेकडे पाहिलं, आणि उजवा हात वर केला.

पंच गोंधळले. ते जवळ जाऊन म्हणाले, "चाचा, गोल तुमीच केला. हात काहून?"

"ऑफसाइड होतो."

"कोण म्हणते?"

"तो म्हणला असता," चाचा म्हणाले. "जिंदगीभर म्हणला. एकबार तरी द्या त्याले."

पी.टी.च्या सरांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग शिट्टी वाजवली आणि गोल रद्द केला. बदली खेळाडू पुन्हा कडेला जाऊन बसला, कारण गोल झालाच नव्हता. मॅच पुढे सुरू झाली, ती जागा तशीच ठेवून.

बहिणीने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "दादा, खरंच होता का रे ऑफसाइड?"

मी मनातल्या मनात मिरच्या मांडल्या, लिंबू ठेवलं, पुन्हा उचललं. मला काही म्हणजे काही समजलं नाही.

"होता," मी म्हणालो.

"मग बसू अजून थोडं," ती म्हणाली, आणि आम्ही ऊन उतरेपर्यंत त्या जागेकडे पाहत बसलो.