आत्तींचं डाळिंबी लुगडं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी आईला नाही. अंबाबाईसमोर उभी राहते तेव्हा तिलाही नाही — पण तिला काय सांगायचं, तिच्याच वस्त्राची गोष्ट! तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीचं माणूस मध्येच "जाऊ दे गं" म्हणतं. मला ते ऐकायचं नाही.

सुरुवात अगदी साधी आहे, हसू येईल अशी. माझे मिस्टर फौंड्रीत कामाला. त्यांच्या मालकांच्या नातीचा वाढदिवस होता, शहराबाहेरच्या एका लॉनवर, आणि आमंत्रण सगळ्या कुटुंबाला. मुलांनी फॅन्सी ड्रेस करून यायचं. आमची मुक्ता तेव्हा बालवाडीत. तिनं जाहीर करून टाकलं, "मी अंबाबाई होणार." परी नको, फुलपाखरू नको. दर शुक्रवारी आजीचं बोट धरून देवळात जाऊन जाऊन पोरगी देवीच्या प्रेमातच पडली होती.

फौंड्रीत तेव्हा ओव्हरटाइम बंद होता. ड्रेस भाड्यानं देणाऱ्यानं डिपॉझिट सांगितलं आणि मी "बघून सांगते" म्हणून दुकानाची पायरी उतरले. उतरता उतरता मनात म्हटलं, मी फॉल-पिको करून घराला हातभार लावणारी बाई, मला एक ड्रेस शिवता येत नाही होय? हा माझा स्वभावच आहे. ईर्ष्येला पेटले की मला पुढचं दिसत नाही.

आणि जमलंही हो! मिठाईच्या खोक्याचा किरीट केला, त्यावर सोनेरी कागद. जुन्या ब्लाउजच्या बाह्यांत कापूस भरून जादाचे दोन हात शिवले. लाटण्याला करवंटी बांधली, गदा झाली. पातेल्याच्या झाकणाची ढाल, आमटीच्या वाटीचं पानपात्र. देवीच्या हातात म्हाळुंग असतं, ते कुठून आणू — मोसंबं चालवलं. सगळं झालं, लुगडं राहिलं. माझ्या साड्या सगळ्या जॉर्जेटच्या, विटक्या. देवीला काठपदर हवा ना?

आता इथं मी अडखळते. दर वेळी इथंच अडखळते.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. आत्तींच्या ट्रंकेत एक डाळिंबी लुगडं होतं, हिरव्या काठाचं. देवीला नेसवलेलं, देवळातून प्रसाद म्हणून मिळालेलं. माझे मिस्टर लहानपणी तापानं मरता मरता वाचले, त्या नवसाचं. अशा लुगड्याचे नियम आमच्याकडे लहान पोरीलाही पाठ असतात. त्याला पाय लागू द्यायचा नाही. कात्री लावायची नाही. जीर्ण झालं तरी वाकळ-गोधडीतसुद्धा घालायचं नाही. आत्ती ते नेसत नसत. दसऱ्याच्या आधी ऊन द्यायचं, कापूर घालून परत ठेवायचं. एकदा घडी घालताना मला म्हणाल्या होत्या, "मी गेल्यावर ह्येच घाला माझ्या अंगावर. लेकीला न्हाय सांगितलं, ती रडतीया. तुलाच सांगून ठेवतो."

तुलाच. हा शब्द लक्षात ठेवा.

आत्ती जयसिंगपूरला वन्संकडे, म्हणजे त्यांच्या लेकीकडे, गेल्या होत्या. भर दुपारी मी ट्रंक उघडली. आधी म्हटलं, नुसतं नेसवून बघू. पण एवढं लांब लुगडं त्या टीचभर पोरीला — नुसता बोळा झाला. शिवून घेतल्याशिवाय बसणार नव्हतं. मग? मग काय. कात्री माझ्या हातातच होती. कापताना कापडाचा जो आवाज झाला तो मी रोज ऐकते, माझा धंदाच आहे तो. त्या दिवशी मी रेडिओ मोठा केला.

आत्ती वाढदिवसादिवशीच परतल्या आणि थेट लॉनवर आल्या. तिथं कोण सुपरमॅन, कोण भाजीवाली, एक पोरगं तर मोबाईल होऊन आलं होतं. डीजे दणकत होता. मी मुक्ताला आडोशाला नेऊन मळवट भरला, नथ लावली, किरीट चढवला आणि सोडली.

काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. जे पोर जेवतानासुद्धा एका जागी बसत नाही, ते स्टेजवर जाऊन उभं राहिलं आणि हललंच नाही. पापणी नाही, ओठ नाही. डीजेवाल्यानं आपण होऊन गाणं बंद केलं. बायकांनी हातातल्या प्लेटी खाली ठेवल्या. मालकीणबाई चपला काढून पुढं गेल्या. आणि मी? त्या वस्त्राची शिवण न् शिवण मला ठाऊक होती. ती गदा म्हणजे माझं लाटणं, हे मला ठाऊक होतं. तरी माझे हात आपोआप जोडले गेले. समोर माझी मुलगी नव्हती. मी खोटं सांगत नाही — निदान हे तरी नाही.

गर्दीतून आत्ती आल्या. गुडघे दुखतात म्हणून देवघरातही खुर्चीवर बसणारी बाई, खाली बसली आणि नातीच्या पावलांवर डोकं ठेवलं. उठताना त्यांच्या हाताला काठ लागला. त्यांनी तो बोटांत धरून पाहिला.

"ह्यो काठ तर माझ्या लुगड्याचा हाय की गं."

"भाड्यानं आणलाय, आत्ती," मी म्हटलं. इतक्या सहज!

"आसंल, आसंल," त्या म्हणाल्या. डोळे पुसत होत्या.

इथवरच असतं तर ती नुसती चोरी होती. चोरीचं मी केव्हातरी सांगून टाकलं असतं. पण दसऱ्याआधी आत्तींनी ट्रंक उघडली, सगळी उपसली आणि मला हाक मारली. लुगडं कुठं गेलं? त्या माझ्याकडं बघत होत्या, जराही संशय नव्हता त्या नजरेत. आणि मी म्हटलं, "आसं काय करताय आत्ती? तुम्हीच न्हाई का जयसिंगपूरला नेलं? वन्संना दिलं म्हणून मला सांगितलं की. इसरला व्हय?"

"मी दिलं?"

"व्हय की."

"इचारू का तिला?"

"दिलेलं परत इचारत्यात व्हय कुणी? वन्संना काय वाटंल?"

पटलं त्यांना. दिल्या वस्तूचा उच्चार करायचा नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. उपसलेलं सगळं त्यांनी एकेक करून परत ट्रंकेत ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे माझं ध्यान गेलं म्हणायचं."

मी नाही म्हटलं नाही.

त्या दिवसापासून ही बाई स्वतःवर विसंबायची थांबली. कामं लक्षात राहावीत म्हणून पदराला गाठी मारायला लागली. संध्याकाळपर्यंत पदर गाठींनी भरायचा, आणि कुठली गाठ कशाची ते मला विचारायची. एकटीनं देवळात जाणं सोडलं, वाट चुकेन म्हणून. जन्म गेला होता त्या वाटेवर. पुढं एक दिवस कंबरेच्या किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या आणि आल्यागेल्याला कौतुकानं सांगू लागली, "आता माझं ध्यान म्हंजे आमची सूनबाई." मी त्या किल्ल्या घेतल्या. घट्ट कंबरेला खोचल्या.

आता मुक्ता दहावीला आहे. आत्ती आता खरंच विसरतात, जेवल्या की नाही तेही. डॉक्टर म्हणतात, वय झालं. असेलही. पण माझं खोटं कुठं संपलं आणि वय कुठं सुरू झालं, हे कुठला डॉक्टर सांगणार? तो छोटा ड्रेस आणि उरलेले तुकडे माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. टाकवत नाहीत, दाखवत नाहीत.

सगळं पुसलं गेलं, तरी एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून जात नाही. कुणीही घरात आलं की त्यांचे डोळे चमकतात, त्याला हाताला धरून जवळ बसवतात आणि सांगतात, "पावणं, आमच्याकडं अंबाबाई आलती. खरंच आलती. माझंच लुगडं नेसून आलती. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी."

मुक्ता म्हणते, "आज्जी काहीही बोलते." पाहुणा कसनुसा होतो आणि माझ्याकडं बघतो.

आमच्या घरात त्या वेळी खरं बोलणारं एकच माणूस असतं. आणि मी पाहुण्याकडं बघून मान हलवते — म्हातारपण हो, दुसरं काय — आणि चहा ठेवायला आत जाते.