गंगाबाईचं लेकरू

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी काढलेली नाही. बायकोपाशी नाही, पोरांपाशी नाही. देवापाशीही नाही – देवापुढं उभा राहिलो की मी काही ना काही मागायच्या गडबडीत असायचो, कबूल करायला सवड कुठली? आज तुम्हाला सांगतोय. तुमची-माझी ओळख नाही हेच बरं आहे. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ लगेच गुळमुळीत होते.

तर, मी मास्तर. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि माझी बदली गंगाखेड तालुक्यात झाली, राणीसावरगावाच्याही पुढं, एका लहान गावात. गावाचं नाव सांगत नाही, गावाचा यात काही गुन्हा नाही. बायको सुमन आणि दीड वर्षाचा पोरगा परभणीत, भाड्याच्या एका खोलीत. मी सोमवारी पहिल्या एस.टी.नं निघायचो आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की परत. लोक म्हणायचे, गुरुजी बिचारे बेजार झाले येऊन-जाऊन. मीही मान हलवायचो. बेजार कसला? मला दोन्हीकडचं पाहिजे होतं!

गावात माझा थाट होता. हुरड्याचं पहिलं कणीस गुरुजींना, ताकाचा पहिला तांब्या गुरुजींना. संध्याकाळी महादेवाच्या पारावर बसलं की म्हातारेकोतारेही सरकून जागा देत. तिथं मी परभणीला नावं ठेवायचो – काय हाय त्या परभणीत? गटार आन् डास! आणि शनिवारी परभणीत उतरलो की इस्त्रीचा शर्ट घालून हॉटेलात चहा, पेपर, रविवारी दुपारचा सिनेमा. तिथं गावाला नावं. धूळ आहे, अंधार आहे, माणसं अडाणी. दोन्हीकडं पाहुणा होतो मी. पाहुण्याचं बरं असतं, त्याला उष्टी भांडी दिसत नाहीत.

आणखी एक होतं. माझा बाप दुसऱ्याच्या रानात राबून मेला. तो म्हणायचा, धोतरातून विजारीत आलास, आता मागं फिरू नको. परभणीची ती खोली म्हणजे माझी विजार. खोली सोडली की मी परत धोतरात – असलं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. आणि खोली राहायची तर तिच्यात कुणीतरी राहायला नको का? राहत होती सुमन.

ती वालूरची, शेतकऱ्याची लेक. त्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. ऊन यायचं ते उंबऱ्यात, तासभर. सुमननं डालड्याच्या डब्यात कोथिंबीर लावली होती आणि तो तासभर ती डबा उन्हाच्या मागं सरकवत बसायची. मी पेपरातून बघायचो. हसायचोही. हसू कसं आलं असेल मला?

लग्नात तिच्या वडलांनी तिला एक म्हैस आंदण दिली होती. चांदी नाव. खोलीत म्हैस कुठं बांधणार, म्हणून ती वालूरलाच राहिली. दुष्काळात त्यांनी पालापाचोळा खाऊ घालून तिला जगवली, आणि पाऊस झाल्यावर निरोप धाडला – तुझी चांदी घेऊन जा पोरी. त्या रविवारी सुमननं माझ्यापुढं ताट ठेवलं आणि सरळ विचारलं, "तिकडं खोली हाय, गोठा रिकामा हाय, तुमीच सांगता. मग आमाला हितं कामून ठिवलंय?"

मी म्हणालो, तिथं डॉक्टर नाही. ती म्हणाली, वालूरला कुठं होता? लाईट नाही म्हणालो, तर म्हणे कंदील हाय की. विंचू आहेत म्हणालो, तर ती हसलीच. "इच्चवाला मी भ्यायची?"

आणि मग मी – थांबा, घोटभर पाणी पितो.

मी म्हणालो, "तू नाही भिणार. पण पोराचं काय? त्याच खोलीत गंगाबाईचं लेकरू गेलं. विंचू चावून. एवढंच होतं, दोन वर्षांचं."

सुमनचा हात थांबला. पोरगा झोपला होता, तरी तिनं त्याला उचलून छातीशी धरला. पुन्हा तिनं गावाला यायचं नाव काढलं नाही. मी उरलेली भाकरी खाल्ली. चव लागली का, विचाराल तर – लागली. तेच तर सांगतोय.

आता गंगाबाई कोण? माझ्या खोलीची मालकीण. भिंतीला भिंत लागून तिचं घर. पन्नाशीची विधवा, गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याबिगर पाण्याचा थेंब घ्यायची नाही. तिला लेकरू नव्हतं. कधीच झालं नव्हतं. त्यापायी तिनं काय काय ऐकलं असेल ते सगळ्या गावाला ठाऊक होतं – बारशाला हिला पुढं बसवू नका, ओटी भरताना हिची सावली नको. हे मला माहीत होतं, आणि तरी तिच्या रिकाम्या मांडीवर मी एक मेलेलं पोर ठेवून मोकळा झालो. दुसरं कुणाचं नाव सुचलं नाही मला? शेजारचं नाव जिभेवर होतं, ते वापरलं. एवढं स्वस्त होतं ते.

चांदी मग सुमनच्या वहिनीकडं गेली. आणि दर सोमवारी माझ्या पिशवीत एक पुडकं यायला लागलं. कधी शेंगदाण्याची पोळी, कधी कारळाची चटणी. "त्या माउलीला द्या." मी नेऊन द्यायचो. गंगाबाई पुडकं हातात धरून बघत राहायची. "गुरुजी, मला न बघता तुमची बाई माझ्यासाठी कामून धाडायलीय?" मी म्हणायचो, तिचा स्वभावच तसा आहे. हे एक मात्र खरं बोललो.

असं वर्षभर चाललं. वर्षभर एक बाई दुसरीच्या दुःखात रडत होती, आणि ते दुःख कुणाचंच नव्हतं.

मग मार्गशीर्षातला एक दिवस. जोंधळा कमरेच्या वर आलेला. मी शाळेच्या ओसरीत पाढे घेत होतो आणि बघतो तर वाटेनं सुमन! काखेत पोरगा, डोक्यावर गाठोडं. दोन एस.टी. बदलून, पुढचं अंतर चालत आली होती. गाठोड्यात गोधडी होती, तिच्या लुगड्यांची, वर्षभर शिवलेली. आणि एक सांडशी – वाटेत नाहीतर खोलीत विंचू दिसलाच तर! मी म्हणालो, अगं, माझ्यापाशी द्यायची होतीस. ती म्हणाली, "हे तुमच्या हाती द्यायसारखं न्हाई. लेकराच्या आईला आईनंच द्यावं."

शाळेपासून गंगाबाईच्या दारापर्यंत शे-दीडशे पावलं असतील. तेवढ्यात बोलता आलं असतं. सुमन, थांब, मी खोटं बोललो – किती शब्द आहेत हे? मोजून पाच. पाढे शिकवणारा माणूस मी. दीडशे पावलांत पाच शब्द बसले नाहीत.

गंगाबाई ओसरीवर जोंधळे निवडत होती. सुमननं पोराला खाली सोडलं, गोधडी तिच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. "मावशी, लेकरू गेलं वं तुमचं... ह्यांनी सांगितलं मला. लय दिसांपासून यायचं होतं."

गंगाबाईनं सुमनच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी चपलेचा अंगठा बघत होतो. तिनं तोंड उघडलं असतं तर माझं घर तिथंच मोडलं असतं, आणि मोडायलाच पाहिजे होतं. मग तिचा हात हळूच सुमनच्या पाठीवर आला.

"व्हय माय. गेलं."

आणि सुमननं विचारलं, "नाव काय होतं वं त्याचं?"

नाव! नावाचा मी विचारच केला नव्हता. मेलेल्या पोराला नाव लागतं हे मला सुचलंच नव्हतं. पण गंगाबाई थांबली नाही, अडखळली नाही.

"बसवंत," ती म्हणाली.

अंगणात खेळणाऱ्या पोराला हाक मारावी तितकं सहज. अहो, ते नाव तिच्यापाशी तयारच होतं. किती वर्षं सांभाळलं असेल तिनं ते? मग ती म्हणाली, "गावात त्याचं नाव काढू नको माय. माझ्यापाशीच बोलत जा. आन् आता हितं इच्चू न्हाईत. गुरुजींनी भिंती लिंपून घेतल्यात. तू लेकराला घिऊन ये. मी हाय की."

भिंती कुणी लिंपल्या होत्या? मी तर मातीला हात लावला नव्हता. पुढच्या रविवारी मी परभणीला गेलो नाही. दिवसभर चिखल तुडवला. गंगाबाई वरून पाणी ओतत होती आणि एवढंच म्हणत होती, "नीट तुडवा गुरुजी, खडे राहतेत." वाटलं, आता शिव्या घालील, मग घालील. शिव्या खायची तयारी होती माझी. दिवस कलल्यावर हात धुताना ती म्हणाली, "एक लेकरू दिलंत मला. आन् तोंड बी न दाखवता नेलंत." बस्स. पुन्हा जन्मात तिनं तो विषय काढला नाही.

संक्रांतीआधी आम्ही परभणीची खोली सोडली. सुमननं डालड्याचा डबा अंगणात उलटा केला आणि पुढच्या महिन्यात कोथिंबीर एवढी झाली की सगळ्या आळीला वाटली. वालूरहून चांदीची वगार आली, रिकाम्या गोठ्यात बांधली. आणि माझं शहर? काय झालं त्याचं? काही नाही! परभणी होती तिथंच होती. एस.टी.नं जाता येत होतं, पोराला घेऊन सिनेमाही बघता येत होता. विजार माझ्या अंगावरच होती. ज्या गोष्टीला मी एवढा भ्यालो, त्या गोष्टीत भ्यायसारखं काही नव्हतं. पोरगा गंगाबाईच्या मांडीवर वाढला, तिच्याच हातचं खाऊन. सुमनचा चेहरा भरला. ती गाणं म्हणते हे मला लग्नाच्या चौथ्या वर्षी कळलं.

दोन वर्षांनी दुसरा मुलगा झाला. बारशाला सुमन म्हणाली, नाव बसवंत. तिचा भाऊ म्हणाला, आपल्यात कुणाचं हाय हे नाव? ती म्हणाली, "हाय एकाचं." कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सुमननं माझ्या बहिणीची समजूत घातली आणि गंगाबाईला पुढं बसवलं – जिला अख्ख्या जन्मात कुणी बारशाला पुढं येऊ दिलं नव्हतं, तिला. बायकांत कुजबुज झाली. सुमननं मान वर करून एकदा सगळ्यांकडं बघितलं, आणि कुजबुज थांबली. गंगाबाई पाळण्यात वाकली. कुर्र म्हणाली आणि नाव सांगितलं. पुष्कळ वेळ वाकलेलीच होती. बायकांना वाटलं कंबर धरली.

सुमनला कळलं नसेल, असं वाटतं तुम्हाला? गावातल्या बायका, विहीर, रोजचं पाणी – गंगाबाईला मूल नव्हतं हे तिच्या कानावर गेलं नसेल? मला वाटतं, पहिल्या महिन्यातच गेलं असेल. कळूनही तिनं ते नाव ठेवलं. मी तिला कधी विचारलं नाही. खोटं एकदा बोललो, पण न विचारणं मी रोज केलं. आजही करतोय. ती आत बसून लसूण सोलतेय.

गंगाबाई गेली तेव्हा बसवंत अठराचा होता. तिच्या उशाशी तोच बसून होता. पहिली मूठमाती त्यानंच दिली. तिच्या भावकीतला एकजण पुढं आला होता, पण बसवंतकडं बघून मागं सरला.

मी खोटं बोललो. पोराच्या जिवाची भीती घालून बायकोला वर्षभर अंधाऱ्या खोलीत ठेवलं, आणि एका बाईचं नसलेलं लेकरू मारलं. पुढं जे चांगलं झालं, ते त्या दोघींनी केलं. माझं एवढंच.