तणशीवरचा भात

सावलीत माझं बिछायत केंद्र आहे. मांडव, खुर्च्या, सतरंज्या, भात शिजवायचे मोठे गंज, कढया, झारे, लागेल ते भाड्यानं देतो. त्यामुळे या भागातली लग्नं मी नवरदेवापेक्षाही जवळून पाहिलेली आहेत. आणि माझं ठाम मत असं, की लग्नात खरा जळफळाट सोयऱ्यांमध्ये नसतो, चुलीवर असतो. सोयरे रुसतात, जेवतात आणि घरी जातात. आचाऱ्याचं रुसणं मात्र पुढच्या हंगामापर्यंत पुरतं.

रामाजी हा आमच्याकडचा भाताचा आचारी. वरण, कढी, बुंदी सगळंच त्याला यायचं, पण नाव झालं ते भातानं. हा धानाचा मुलुख आहे. इथं भाजी फसली तर लोक दोन घोट पाणी पिऊन गप्प बसतात, भात फसला तर त्या घरचं लग्न कायमचं लक्षात ठेवतात. अशा लोकांसमोर रामाजीनं उभं आयुष्य मोकळा, पांढरा, दाण्याला दाणा न चिकटणारा भात वाढला होता. पोत्यात हात घालायचा, मूठभर तांदूळ तळव्यावर चोळायचा, एक दाणा दाताखाली धरायचा आणि मग आधणात पाणी किती ते सांगायचा. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, नव्याला कमी लागतं. लग्नात जुनाच घालायचा असतो, कारण नव्याचा भात गिच्च होतो. हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण मोठ्या गंजात ते रामाजीनंच सांभाळावं.

माणूस तसा भला. पण कौतुकाची सवय वाईट. लोकांनी भाताला बरं म्हटलं की तो ऐकलंच नाही असं दाखवायचा, आणि नाही म्हटलं तर दिवसभर माझ्या गंजाला नावं ठेवायचा. बूड पातळ आहे म्हणे.

अशात चंचलबाई आली. माहेर आरमोरीचं, सासर सावलीचं. आधी शाळेत खिचडी शिजवायची, मग बचत गटाच्या बायांबरोबर बारशी, साखरपुडे करू लागली, आणि बघता बघता लग्नाच्या चुलीपर्यंत पोचली. ती वांग्या-बटाट्याची भाजी करायची. मसाला स्वतः भाजायची, स्वतः वाटायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. ती भाजी खाल्ली की माणूस शेजाऱ्याच्या पत्रावळीकडे बघायचा.

रामाजीच्या ते डोळ्यांत खुपलं. दोघांना एकाच लग्नात काम मिळालं की हा चुलीपाशी कमी आणि भाजीच्या बाजूला जास्त बघायचा. तेल ओतलं की कोणाचीही भाजी चांगली लागते, असं मला पुन्हा पुन्हा ऐकवायचा. वाढपी भाजीची बादली घेऊन पंगतीत दुसऱ्यांदा फिरला की हा मान वळवायचा, आणि तिसऱ्यांदा फिरला की बिडी पेटवून मांडवाबाहेर जायचा. भाऊ, तुमचा भात आहे म्हणून तिची भाजी लोक खातात, असं मी एकदा म्हणालो. त्याला ते इतकं आवडलं की पुढे आठवडाभर त्यानं माझ्या गंजांना नावं ठेवली नाहीत.

माघात वामनरावांच्या मुलीचं लग्न होतं. वामनराव मोठे कास्तकार, वैनगंगेच्या काठचं गाव, घर तांदळाच्या पोत्यांनी भरलेलं. जुना तांदूळ एकीकडे, नवा दुसरीकडे, पोती मात्र सारखीच. सकाळी चुली पेटल्या. रामाजीची चूल आंब्याखाली, चंचलबाईची पार गोठ्याच्या कोपऱ्यात, मध्ये भिंत. आधणाला उकळी आली तेव्हाच तिकडे फोडणीचा वास सुटला. घरच्या बाया, पाहुण्या बाया, नवरीची मावशी, सगळ्या वाट्या घेऊन चंचलबाईभोवती जमल्या. चव बघायच्या आणि बोटं चाटायच्या. रामाजी भिंतीच्या टोकाशी जाऊन ते बघत उभा राहिला. माणसांनी विचारलं, पोतं सोडायचं का. त्यानं मागे न बघता सोडा म्हटलं. धुवायचं का, धुवा. टाकायचं का, टाका.

त्या दिवशी त्यानं पोत्यात हात घातला नाही. पोतं नव्या तांदळाचं होतं आणि आधण जुन्याच्या मापाचं.

हे त्याला कळलं तेव्हा गंजात भात नव्हता, लापशी होती. वऱ्हाड यायला फार वेळ उरला नव्हता. रामाजी पोत्याच्या तळाशी राहिलेला एक दाणा दाताखाली धरून नुसता उभा होता. एवढ्यात चंचलबाई तिथं आली. तिनं गंजात बघितलं, रामाजीकडे बघितलं आणि घरच्या माणसांना तणस आणायला सांगितली. धानाची पिवळीधमक कोरडी तणस, म्हणजे पेंढाच. अंगणात तिचा जाड थर घातला, त्यावर धुतलेली धोतरं अंथरली, आणि माझ्या झाऱ्यांनी तो सगळा भात पातळ पसरवला. पाणी खाली तणशीनं ओढून घेतलं, वाफ वर गेली. पंगत बसेपर्यंत भात अगदी मोकळा नाही, पण हातानं सुटण्यासारखा झाला.

मी म्हटलं, चला, अब्रू वाचली. पण झालं वेगळंच. नव्या तांदळाची गोडी आणि ताज्या तणशीचा वास, दोन्ही त्या भातात उतरलं होतं. लोकांनी भाजी बाजूला ठेवून भात मागितला. नवरदेवाच्या काकांनी नुसता भात खाल्ला. कुणीतरी तणशीवर वाफाळणाऱ्या भाताचा व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर फिरला. व्हिडिओत पदर खोचून झारा मारणारी चंचलबाई होती. रामाजीचा फक्त एक पाय दिसत होता.

वामनरावांच्या घरी एक पोतं इकडचं गेलं की तिकडचं, हे बघायला कुणाला सवड नव्हती. चंचलबाईला वाटलं, भाऊंच्या हातून पाणी जास्त पडलं. तेही ती कुणाजवळ बोलली नाही. भात तणशीवर का टाकला असं कुणी विचारलं, तर असाही करतात, एवढंच म्हणायची. पण पंचक्रोशीत नाव झालं चंचलबाईच्या भाताचं. भाताचं! भाजीचं झालं असतं तर रामाजीनं एखादवेळी सोसलं असतं.

त्याचं काय झालं ते मी रोज बघत होतो. माझ्या दुकानासमोर बसायचा आणि तोच तो हिशोब मांडायचा. तेव्हा तो मला पाण्याचंच सांगायचा, तांदळाचं नाही. बोललो की माझ्या हातून चूक झाली, तर लोक म्हणतील, बघा, रामाजीनं भात बिघडवला आणि त्या बाईनं वाचवला. नाही बोललो, तर तो भात तिनंच काढलेला. दोन्हीकडून मोठी तीच होते. मी म्हटलं, भाऊ, मग जे खरं आहे ते बोलून मोकळे व्हा. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

फाल्गुनात चामोर्शीच्या नानाजींकडलं लग्न आलं. नानाजींनी चंचलबाईला भाजी तर दिलीच, भातही दिला. तोच पाहिजे, तणशीवरचा, असं निक्षून सांगितलं. चामोर्शीच्या लग्नांत भात नेहमी रामाजीचाच असायचा. या वेळी त्याला निरोपसुद्धा आला नाही.

मग एका दुपारी चंचलबाई स्वतः त्याच्या घरी गेली. मी तिथंच होतो, कढईला पडलेलं भोक दाखवायला त्यानं मला बोलावलं होतं. ती ओट्यावर टेकली. सरळ बाई, सरळच विचारलं, की भाऊ, त्या दिवशी चुकून पाणी किती जास्त पडलं होतं? तसाच भात पाहिजे म्हणतात, मी घरी करून पाहिला तर होत नाही.

चुकून हा शब्द रामाजीच्या वर्मी बसला. चुकून नाही, तो म्हणाला, माझी रीतच तशी आहे. जुन्याला नेहमी टाकतो त्याच्या वर आणखी तिसरा हिस्सा टाक. तिनं दोनदा विचारून पक्कं केलं, हात जोडले आणि गेली.

मला काही कळलं नाही. भात कुठे मला करायचा असतो. कळलं ते लग्नाच्या सकाळी. माझा टेम्पो गंज घेऊन चामोर्शीला निघाला तसा रामाजी इस्त्रीचा सदरा घालून रस्त्यावर उभा. मी पण येतो म्हणाला. आमंत्रण आहे का, असं मी विचारलं नाही. व्याहाडचा पूल ओलांडला, गडचिरोली मागे पडली. मग तो एकाएकी बोलू लागला आणि सगळं सांगितलं. पोतं नव्याचं होतं. पाणी बरोबरच होतं. आणि आज ती बाई जुन्या तांदळात माझ्या सांगण्यावरून पाणी ओतणार आहे. जुना तांदूळ इतक्या पाण्यात फुटतो, दाण्याचं पोट उकलतं, चव पाण्यात जाते. तणस काय, गादीवर पसरला तरी तो भात कुणी तोंडात धरणार नाही.

मग तुम्ही कशाला चाललात, मी विचारलं.

"पाह्याले," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला. खरं सांगायचं तर टेम्पो थांबवून त्याला तिथंच उतरवावं असं वाटलं. उतरवलं नाही, कारण गडचिरोलीत माझी गिऱ्हाइकं ओढणारं लग्नाचं एसी लॉन झाल्यापासून मीही रोज सकाळी त्याचं छप्पर गळावं म्हणून मनात काहीबाही बोलत असतो. दुसऱ्याला उतरवायला तोंड स्वच्छ लागतं.

चामोर्शीला पोचलो तेव्हा आधण चढलं होतं. चंचलबाईच्या दोन्ही चुली पेटलेल्या, ती इकडून तिकडे पळत होती, घामानं भिजलेली. रामाजीला बघून तिचा चेहरा उजळला. बरं झालं आले, म्हणाली, खुर्ची मागवली, चहा मागवला. रामाजी खुर्चीत बसला. समोर जुन्या तांदळाची पोती, दाणा बारीक, जुना, सोन्यासारखा पिवळसर. त्यानं न राहवून हात घातला आणि मूठभर तांदूळ तळव्यावर चोळत बसला. चंचलबाईनं माणसांना आवाज दिला, की आता वरचं पाणी ओता.

मी रामाजीकडे बघत होतो. त्याचं तोंड असं झालं होतं की जणू कुणी त्याच्याच घरचं धान नदीत ओततंय. ती बाई बदनाम व्हावी हे त्याला खरंच पाहिजे होतं, मी त्याला ओळखतो. पण मुठीतला तो तांदूळ त्याला सोडवेना. पहिली बादली उचलली गेली तसा तो उठला.

"पाणी टाकू नको, बाई," तो म्हणाला. "मी तुले खोटं सांगतलं."

माणसं बादली धरून उभी राहिली. चंचलबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. रामाजीनं पुन्हा सांगितलं, हळू, पण सगळ्यांसमोर. त्या दिवशी पाणी जास्त नव्हतं, तांदूळ नवा होता, पोतं बघायचं माझ्याकडून राहिलं, चूक माझी. आज जुन्या तांदळात वरचं पाणी टाकलं असतंस तर भात फुटला असता, आणि ते मला माहीत होतं.

चंचलबाईनं पदरानं तोंड पुसलं. ती चिडेल, शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिला भलतीच गोष्ट लागली.

"तुमच्यासारख्या माणसाले नवा तांदूळ समजला नाई, भाऊ?"

"दाणा पाह्यलाच नाई मी."

"काऊन?"

यावर त्याला काहीही सांगता आलं असतं. घाई होती, डोळ्यांत धूर गेला, वय झालं. मी तर त्याच्या वतीनं दोन-चार कारणं तयारही केली होती. चूक कबूल करून झालीच होती, एवढ्यावर भागलं असतं.

"तुया भाजीकडं पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला. "साऱ्या बाया तुयाभोवती जमल्या होत्या. मले पाहावलं नाई. मनात म्हणत होतो, हिची भाजी आज बुडाले लागली पाह्यजे."

चंचलबाईनं माणसांना बादल्या खाली ठेवायला सांगितल्या आणि त्याच्या समोर चुलीच्या कडेला उकिडवी बसली.

"माही चूल गोठ्यापाशी होती, भाऊ," ती म्हणाली. "मधात भिंत होती. तुमचा भात बिघडला, हे मले तिथून कसं दिसलं असन?"

हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

"भाजी उतरवली की रोज येत होती मी," ती म्हणाली. "प्रत्येक लग्नात. आडून आडून तुमच्या गंजात पाहून जात होती. एखाद दिवशी तरी बिघडन म्हून."

"मंग बिघडला तवा कसं वाटलं?" रामाजीनं विचारलं.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "लय बरं वाटलं, भाऊ. मंग तुमचं तोंड पाह्यलं, आन् तणस मागवली."