सगळ्यांचा एक जून

तुझा हौशी गट संगणकावरच्या अर्जांचे सुटे भाग तयार करतो, बटण, तारखेची चौकट वगैरे, आणि ते जगात कुणीही फुकट वापरू शकतं. नव्या आवृत्तीतल्या सुधारणांची यादी तू मला वाचायला पाठवलीस, तेव्हा मी तुझ्या इंग्रजीतले दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि आजी म्हणून शाबासकी दिली. शेवटची सुधारणा तुझी होती. नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की दुसरा अर्ज अडवायचा. त्यासाठीचं मराठी वाक्यही मीच तुला लिहून दिलं.

ते वाक्य मला शहाद्याच्या संगणक केंद्रात पुन्हा भेटलं. अर्ज भरायला माझी जुनी विद्यार्थिनी डोंगरातल्या मोलगीहून आधी जीपने, मग एसटीने आली होती आणि मी तिच्या सोबतीला गेले होते. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. त्या अर्जात तुमचेच सुटे भाग बसवलेले होते. पडद्यावर उमटलं, ‘ही व्यक्ती आधीच नोंदलेली आहे.’

“बाई, मी तर आत्ता आले. मी कधी नोंदले?”

आदल्या दिवशी तिच्याच पाड्यावरच्या एका मुलीने अर्ज भरला होता. नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीख एक जून, सालही तेच. वडिलांचं नाव वेगळं होतं, पण तुझ्या सुधारणेत ते धरलेलंच नव्हतं.

केंद्रचालक हसला. तोही माझाच विद्यार्थी, त्याच्याही दाखल्यावर माझ्याच हातची तारीख. “मन्ही बी एक जूनच शे, बाई. तुम्हीच लिखेल शे ना!”

मी तिथूनच तुला फोन केला. तू म्हणालीस, “आजी, इतक्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा असेल? तुमच्याकडची माहितीच चुकीची आहे. तक्रार नोंदव, पुढच्या आवृत्तीत बघू.”

संध्याकाळी मुदत संपली.

तिला बसस्टँडवर सोडायला गेले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, “बाई, मग माझी खरी तारीख कोणती?”

मी माहीत नाही म्हणाले. ते खोटं होतं. आश्रमशाळेत नाव घालायला आलेल्या तिच्या बापाने मला साल सांगितलं होतं, आणि होळीचा दुसरा दिवस. त्या सालचं पंचांग माझ्या कपाटात होतं. काढून बघायला पाच मिनिटं लागली असती. पण रजिस्टरच्या त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच तारीख होती. तो रकाना मला नीटनेटका दिसायचा.

तुझी नीटनेटकेपणाची आवड कुणाकडून आली, असं तुझी आई नेहमी विचारते.