जुबैदाखाला आणि मृणालीचं ऊन

आखाती देशातल्या नईम वस्तीच्या गल्लीत जुबैदाचं घर विचारत कुणी आलं, की समजावं, कुठेतरी पाळणा हललाय. बाळंतिणीला शेक द्यायचा, बाळाला तेल लावायचं, हा तिचा धंदा. मूळची रत्नागिरीकडची. नवरा हुसेन स्पेअर पार्टच्या दुकानात, आणि ही घरोघरी. पोर कोकणातलं असो की पुण्याचं, तिच्या लांब केलेल्या पायांवर पालथं पडलं की रडं विसरायचं. तिला स्वतःला मूल झालं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, तेव्हा आपणही नको बोलायला.

एवढ्या पोरांत तिची लाडकी म्हणजे विशाखाबाईंची मृणाली. विशाखाबाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर, राहायला अमवाजच्या बड्या वस्तीत, दारात समुद्र. मुलगी जन्मली तीच गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची. तरी पुण्याहून आलेल्या आजीचा जीव थाऱ्यावर नाही. "जुबैदा, साय आणि बेसन चोळ हो. रंग टिकला पाहिजे." जुबैदा चोळायची. रंग काय चोळून टिकतो? पण बाळंतिणीच्या घरी वाद घालू नये.

तीच मृणाली आता इंग्लंडला कॉलेजात. सुट्टीला आली आणि तिने स्वतः फोन केला. "खाला, तेल लावायला येशील?"

जुबैदा इतकी हरखली की कालवणाखालचा गॅस बंद करायचंही तिला हुसेनने सांगितलं.

अमवाजला पोचली तर पोरगी वाळूवर चटई टाकून तयार. "पाठीला आणि हातापायांना लाव. मला ब्राऊन व्हायचंय. तिकडे माझ्या सगळ्या फ्रेंड्स टॅन करतात."

"या अल्ला! तुला गोरी ठेवायला माझी बोटं झिजली, आणि तू सावळी व्हायला बसलीस?"

"चिल, खाला."

जुबैदाने खोबरेल लावलं. अंगावर तेल असलं की ऊन बाधत नाही, अशी तिची पक्की समजूत. तिच्या हातच्या बाळांना कधी बाधलं होतं? पण ते सकाळचं, तेही घटकाभर. हे भर दुपारचं ऊन, समोर पाणी, खाली पांढरी वाळू. पोरीला झोप लागली. जुबैदा शेजारी बसून कौतुकाने बघत राहिली, जणू पुन्हा पाळण्यापाशी बसलीय.

रात्री विशाखाबाईंचा फोन आला. मृणालीच्या पाठीवर फोड आले होते, अंगात ताप होता.

"विशाखाबाई, मी तेल लावलं होतं हो. चांगलं भरपूर लावलं होतं."

"तेलाने ऊन अडत नाही, जुबैदाताई. डॉक्टरांनी सांगितलं. कातडी काळवंडते म्हणजे ती आतून दुखावलेली असते. पुन्हापुन्हा दुखावली की डाग पडतात, सुरकुत्या येतात, पुढे कॅन्सरचीसुद्धा भीती असते. आपल्यासारख्या रंगालाही होतो म्हणे." विशाखाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर जुबैदाला जरा बरं वाटलं असतं.

हुसेनने ऐकलं आणि म्हणाला, "पोर होती का भजी? कढईत घालतात तशी तेल लावून उन्हात घातलीस!" मग तिचं तोंड बघून त्याने चहा केला.

पाठ बरी झाली, तशी मृणाली पुन्हा सुरू. "आता माझा बेस टॅन झालाय. आता बर्न होणार नाही."

"तसं काही नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्यात," विशाखाबाई म्हणाल्या.

"मग सलूनमधल्या टॅनिंगच्या मशीनमध्ये जाते. पंधरा मिनिटं आत झोपायचं, खलास."

ते मशीन उन्हाहून वाईट, असंही डॉक्टर बजावून गेल्या होत्या. जुबैदाला आपल्या गल्लीतली खुबूस रोट्यांची भट्टी आठवली. त्यात माणूस झोपवायचं, आणि वर पैसे मोजायचे!

शेवटी विशाखाबाईंनी डॉक्टरांना विचारून एक बाटली आणली. नुसता वरवरचा रंग, चार दिवसांत उतरणारा. लावायला जुबैदाच. तिचा हात एकसारखा फिरतो ना. कोपरं, गुडघे तेवढे जरा काळे झाले, पण पोरगी आरशासमोर खूश. जुबैदा हात धुवायची विसरली. घरी तिचे तळवे बघून हुसेन म्हणाला, "मेंदी कुणाच्या लग्नाची?" त्या रात्री तीही हसली. वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

कुठलं काय! जुमेच्या दिवशी हुसेनने तिला अमवाजला सोडलं, तर मृणाली पुन्हा वाळूवर.

"अगं, रंग मिळाला ना तुला?"

"तो फेक आहे, खाला. आणि आता मी ब्राऊन आहे, सो इट्स ओके."

"बाटलीच्या रंगाने ऊन अडत नाही, राणी. तुझ्या मम्मीने सांगितलंय मला. ते सनस्क्रीन तरी लाव. घामाने जातं, परत लाव. दुपार टळू दे, मग बस हवं तेवढी."

"लावलं सकाळी."

जुबैदाने वर बघितलं. विशाखाबाई गॅलरीत कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. एकोणीस वर्षांच्या मुलीला उचलून घरात कसं न्यायचं? हिला कधीकाळी ज्या हातांनी पालथं केलं होतं, तेच हात आता मांडीवर रिकामे पडले होते.

मग ती उठली, घरातून मोठी काळी छत्री घेऊन आली आणि मृणालीच्या डोक्याशी उभी राहिली. पाठीवर सावली पडली.

"खाला, यार!" मृणाली हसली आणि चटई पुढे ओढून उन्हात गेली.

जुबैदा दोन पावलं सरकली. मृणालीने चटई आणखी ओढली. पुढे पाणी होतं, तिथे ती थांबली, आणि जुबैदाही छत्री घेऊन थांबली. पोरीने कानात गाणं घातलं, डोळे मिटले. पाय सावलीत घ्यावेत तर खांदे उघडे पडत, खांदे झाकावेत तर पाय. जुबैदाने बराच वेळ छत्री इकडची तिकडे केली. मग तिने खांदेच झाकले, तिथलीच कातडी मागे सोलली होती म्हणून. पाय उन्हात राहिले.